वीतभरावरचा चेंडू

वन्सं, सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करते, म्हणजे पुढे तुमच्याबद्दल जे बोलणार आहे त्याला तुम्हाला हरकत घेता येणार नाही. लग्न होऊन या कोठीत आले आणि पहिल्याच आठवड्यात मी मामंजींच्या गोल्फच्या मैदानावर रांगोळी काढली.

मला कोणी काही सांगितलं होतं का? आदल्या संध्याकाळी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सकाळी मुरारच्या छावणीतून साहेब लोक यायचेत, मागची बाजू नीट असू दे." मी उजाडता उजाडता मागे गेले. बघते तर एवढ्या मोठ्या मोकळ्या जमिनीत जागोजाग वाळूचे गोल. फळीनं ओढून ओढून असे गुळगुळीत केलेले, की आमच्या साताऱ्याच्या घरी सारवलेलं अंगणसुद्धा इतकं नीट नसे. प्रत्येक गोलाच्या मधोमध एक काठी उभी आणि काठीच्या टोकाला लाल कापड. आता तुम्हीच सांगा, नीट केलेली जागा, उभी काठी, काठीला वस्त्र आणि घरी पाहुणे यायचे. देशावरून नुकत्याच आलेल्या पोरीनं काय समजायचं? मी समजले, दरबारी लोक आहेत, यांचं एका गुढीवर भागत नसेल, सहा उभारत असतील. रांगोळीचा डबा आणला आणि सहाही गोलांवर कमळं काढली. काठ्यांना हळदकुंकू लावलं. शेवटच्या गोलावर तर हात असा रंगात आला की कमळाच्या पाकळ्या दुहेरी काढल्या, आणि वर कौतुकानं लांब उभी राहून बघत बसले, कुणी येऊन शाबासकी देतंय का म्हणून.

आलात तुम्ही. बिनकाठाचं लुगडं, हातात काठ्यांची पिशवी, कपाळावर आठी.

"वहिनी, हे काय?"

"रांगोळी."

"ते दिसतंय. भोकात सत्यनारायण बसवणार आहात का?"

तेवढ्यात साहेब लोक आलेच. त्यांना वाटलं, सगळं त्यांच्या मानासाठी केलंय. टोप्या काढून एकेका कमळाभोवती फिरले, "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणाले, आणि वाळूवर पाय ठेवायला एकही तयार होईना. डाव झालाच नाही. चहा पिऊन परत गेले. मामंजी बांबूच्या चिकाच्या पडद्याआड उभ्या असलेल्या सासूबाईंना एवढंच म्हणाले, "रांगोळीबाईंना सांगा, उद्यापासून स्वयंपाकघर." तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझं नाव रांगोळीबाई.

वारा आला की उडून जाऊ नये म्हणून त्या वाळूत जळकं तेल मुरवलेलं असतं, हेही मला कुठे ठाऊक होतं? रांगोळीचं पीठ तेलात असं बसलं की माळ्यानं खरवडून खरवडून पाच गोल साफ केले, पण शेवटच्या गोलावरची एक पाकळी भोकाच्या अलीकडे खपलीसारखी धरून राहिली ती राहिलीच. माळी तिला 'बहूजी का कमल' म्हणायचा. तुम्ही तर येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवायचात. त्या पाकळीबद्दल पुढे बोलायचं आहे, म्हणून आत्ता सांगून ठेवते.

परवा तुमचं तेरावं झालं. लोक येतात, तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणे, कधी कुणाशी वाकडं बोलल्या नाहीत. वन्सं, तुम्ही! म्हणे, नियमाला फार पक्क्या. हे मात्र अगदी खरं. नियम तुम्हाला सगळे पाठ होते. त्यातला कुठला नियम कुठल्या बाजूनं वाकतो, तेही पाठ होतं.

मामंजींनी ते मैदान का केलं ते मला सासूबाईंनी मागाहून सांगितलं. दौलतीच्या कामासाठी त्यांची छावणीत ऊठबस, तिथे हा खेळ शिकले. गुडघा धरल्यावर लांब चालवेना, म्हणून जयेंद्रगंजाकडच्या या कोठीमागे आखूड मैदान आखलं. गोट्या खेळताना पोरं करतात तशी गल, फक्त मोठी. एका फटक्यात चेंडू वाळूवर, मग दोन हलके टोले, की गलीत. तिनात आटपायचं, म्हणून ते त्याला 'तिनाचं मैदान' म्हणत. पण खरं कारण तुम्ही होता. लग्नाचा शालू जुना व्हायच्या आत तुम्ही माहेरी परत आलात. मामंजींनी भावकीशी भांडून तुमचे केस राखले. पण त्या एका भांडणातच त्यांचा सगळा धीर संपला असावा. बाकी तुमचं जग कंपाउंडच्या भिंतीत. त्या भिंतीच्या आत पोरीला चालायला थोडी जागा हवी, म्हणून त्यांनी तुमच्या हातात काठी दिली.

आणि तुम्ही माझ्या हातात दिलीत. सोबतीला कुणीतरी हवं, नाही का? स्वयंपाकघरातून मला मागायला आलात तेव्हा मी तुमच्या पाया पडायची बाकी होते. पुढे काय वाढून ठेवलंय ते कळलं असतं तर पोळपाट धरून बसले असते. "वहिनी, खांदा पाडू नका." "वहिनी, पदर खोचा, झेंडा आहे का तो?" "वहिनी, चेंडूकडे बघा, माझ्याकडे नको." चेंडू बाभळीत गेला की तुम्ही लांबून नियम सांगायचा आणि काटे मी काढायचे. आणि तुमचा चेंडू कुठे अडचणीत गेला की तुमचा उजव्या पायाचा अंगठा! काय पुण्यवान अंगठा होता तो! तुम्ही त्या बाजूनं सहज चालत जायचात, आभाळाकडे बघत, आणि मुळाखालचा चेंडू उजेडात यायचा. मी बोलले की तुमचं उत्तर ठरलेलं. "मुंगळे फार झालेत इथे, वहिनी. त्यांनी ओढला असेल."

पण त्या एका डावाचं तेवढं मी विसरणार नाही.

बाड्याच्या चौकाजवळच्या मुलींच्या शाळेत शिकवायला बाई हव्यात, असं कळल्यापासून तुमचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तुम्ही एकदा मामंजींना विचारलंत. ते म्हणाले, "माझी मुलगी नोकरी करणार नाही. हा विषय माझ्यासमोर तू पुन्हा काढायचा नाहीस." तू काढायचा नाहीस. तुम्ही तो शब्द धरून बसलात. तुम्हाला बंदी होती, दुसऱ्या कुणाला नव्हती. भावाला सांगून पाहिलंत. ह्यांना वडिलांसमोर शिंकायचीसुद्धा भीती. राहिले मी. रांगोळीबाई.

मी साफ नाही म्हटलं. आज खरं सांगते, मामंजींची भीती हे अर्धंच कारण. तुम्ही शाळेत गेलात की माझी सकाळ संपली, मी परत चुलीपुढे; हे उरलेलं अर्धं. तुम्ही आत कुढत राहिलात तरी चालेल, पण माझा खेळ मोडायला नको. इतकी थोर होते मी! वर स्वतःला फार चतुर समजत होते.

मग तुम्ही पैज काढलीत. "एक डाव. मी हरले तर शाळेचं नाव घेणार नाही. तुम्ही हरलात तर माझ्या वडिलांशी तुम्ही बोलायचं."

मी जिंकायलाच खेळले, वन्सं. तसं मी त्याआधी कधीच खेळले नव्हते, पुढेही नाही. थंडीचे दिवस होते, किल्ल्यावर ऊन आलं होतं पण खाली गवत अजून ओलं होतं, आणि माझे पाय गारठून दगड झाले होते. तरी पाच गोलांपर्यंत आपण बरोबरीत. शेवटच्या गोलाला तुमचा फटका नीमाच्या मुळात जाऊन रुतला. माझा चेंडू सरळ वाळूवर. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पदर काट्याला अडकला होता, तो सोडवायला वळले. वळून बघते तर तुमचा चेंडू मुळापासून हातभर अलीकडे, स्वच्छ जागेवर बसलेला.

"वन्सं, तो मुळात होता."

"होता ना. आता नाही."

"तुम्ही पाय लावलात."

"मुंगळे, वहिनी."

मी पाय आपटला, शपथ घ्या म्हटलं, तुम्ही काही ऐकल्यासारखं केलंच नाहीत. खेळत गेलात आणि चार फटक्यांत आटोपलंत. माझा दुसरा टोला गलीपासून वीतभरावर येऊन थांबला. वीतभर! आणखी एक टोला, की माझे तीन, आणि शाळा, मामंजी, सगळं मिटलं. आमच्या मनीनं शेपटीनं ढकलला असता तरी गेला असता. आणि मी काय केलं? चेंडूकडे बघायचं सोडून तुमच्या तोंडाकडे बघितलं. हरल्यावर तुमचं तोंड कसं होतं ते मला एक क्षणही चुकवायचं नव्हतं. टोला बसला, चेंडू माझ्याच रांगोळीच्या पाकळीवर चढला, तिथून वळला आणि घरंगळत वाळूच्या कडेला गेला. तिथून आत यायला मला आणखी दोन लागले.

तुम्ही हसला नाहीत. त्याचा मला जास्त राग आला. नुसत्या माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "ती पाकळी तुम्हीच काढलीत ना, वहिनी?"

"मीच. झडला का नाही तेव्हा हात."

त्यावर तुम्ही माझी काठीसुद्धा स्वतः उचललीत. जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं, जखमेवर मीठ चोळताय.

मामंजींशी बोलायचं कसं? सुनेनं सासऱ्याशी सरळ बोलायची रीत नव्हती. मध्ये कुणी लागायचं. आणि मध्ये पडायला सासूबाई तयार नव्हत्या. ते संध्याकाळी एकटेच तिसऱ्या गोलावर होते. मी पदर पुढे ओढला आणि झेंड्याशी बोलले. हो, त्या लाल कापडाशी. "म्हणावं, घरात या खेळाचे नियम एकाच माणसाला येतात, आणि ते माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत मला शिकवतं. माझा जीव जायची वेळ आलीय. शाळेत पुष्कळ मुली आहेत म्हणतात. त्या शिकवणुकीतला थोडा वाटा त्यांनी उचलला तर मी जगेन."

मामंजींनी टोला मारायचा थांबवला. मग तेही झेंड्याकडेच बघून म्हणाले, "रांगोळीबाईंना सांगा, ते माणूस आपल्या आईवर गेलंय."

मी उभीच. पदर आणखी पुढे ओढला.

"आणि सांगा, बग्गीला पडदे लावायचे. सकाळचा डाव चुकवायचा नाही. डाव आधी, शाळा मग."

एवढंच. मी पळत आत आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही पिठानं भरलेले हात तसेच माझ्या खांद्यावर ठेवलेत. लुगड्याच्या खांद्यावर दोन पांढरे पंजे उठले. मी म्हटलं, "हात धुवा आधी, आणि चेंडूला पाय लावला ते कबूल करा."

तुम्ही म्हणालात, "आधी तुम्ही खरं बोला, वहिनी. मग मी बोलते."

झालं. तिथून जे सुरू झालं ते परवापरवापर्यंत. मी विचारायचं, तुम्ही हे म्हणायचं. बग्गीत चढताना, दिवाळीत अनारसे तळताना, नातवाच्या मुंजीत भर मांडवात. मी कसलं खरं बोलायचं? मी चुकवला, सगळ्या जगाला दिसला. त्यात लपवायसारखं काय होतं? अंगठा तुमचा, जबानी माझी! असा न्याय तर दरबारातसुद्धा होत नसेल.

आता एक गोष्ट, जी भांडणाच्या नादात कधी बोलायची राहिली. माझी धाकटी मुलगी गेली तेव्हा घरात जो तो येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा. देवाची मर्जी, म्हणायचा. तुम्ही आला नाहीत. मला वाईट वाटलं. तुम्हाला वाटलं नसेल इतकं वाईट वाटलं. मग एका सकाळी खिडकीच्या गजावर काठी वाजली. "वहिनी, वाळू ओढायची राहिलीय. माळ्याला नीट जमत नाही." मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी. "उठा. खालच्या गोलावर कुत्री नाचून गेलीत." शेवटी चिडून उठले. तुम्ही फळीचं एक टोक माझ्या हातात दिलंत, दुसरं तुम्ही धरलंत, आणि आपण वाळू ओढली. मी मध्येच खाली बसले, रडले. तुम्ही उभ्याच राहिलात, फळी धरून. रडून झाल्यावर म्हणालात, "तुमच्या बाजूला उंचवटा राहिलाय." मला असा संताप आला, वन्सं, की मी तुमच्यावर ओरडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज मला ऐकू आला. शाळेची बग्गी त्या दिवशी दारात उभी राहून रिकामी परत गेली, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

हे तुम्हाला सांगायचं होतं. रोज वाटायचं, आज सांगू. आणि रोज सकाळी तुमचा अंगठा आडवा यायचा.

मामंजी गेले, मैदानाचे वरचे तीन गोल भावकीच्या वाटणीत गेले, तिथे घरं उठली. खालचे तीन राहिले. आपण दोघी म्हाताऱ्या गेल्या हिवाळ्यापर्यंत तिथे पाय ओढत होतो. नात वरून ओरडायची, "आजी, चाय ठंडी हो रही है, कितना खेलोगी?" तुम्हाला समोरचा झेंडा दिसेना, मला टोल्याचा आवाज ऐकू येईना, तरी चेंडू कुणाचा कुठे पडला यावर आपलं एकमत झालं नाही. कुठल्याच दिवशी नाही.

शेवटच्या दिवसांत तुम्ही खाटेवर होता. पाय सुजले होते. मी तेल लावत होते, आणि तो अंगठा माझ्या हातात आला. मी तो चिमटीत धरला.

"आता तरी सांगा. ह्यानंच ना?"

तुम्ही डोळे उघडलेत. "आधी तुम्ही."

"अहो, मी काय सांगू?"

"बरं, नका सांगू," म्हणालात, आणि हसलात. तुमचं ते हसू! जणू मीच काहीतरी चोरून ठेवलंय आणि तुम्ही मोठ्या मनानं झडती घेत नाही आहात. इतका राग आला की मी उरलेलं तेल तसंच ठेवून उठले. दुसरा पाय तसाच राहिला. परत आले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. ती झोप मग मोडलीच नाही.

म्हणून आज हे लिहायला बसले होते. तुम्हाला चांगले चार शब्द ऐकवायचे, सगळ्यांसमोर तुमचा अंगठा उघडा पाडायचा आणि मोकळं व्हायचं, असा माझा बेत. पण काल तुमची कुमुद आली. तुमच्या पहिल्या वर्गातली. आता त्याच शाळेत मोठ्या बाई आहे, चष्मा लावते, तुमच्यासारखीच आठी घालते. मला नमस्कार करून म्हणाली, "रांगोळीवाल्या वहिनी आपणच ना?"

मी म्हटलं, चला, साक्षीदार मिळाला. तिला बसवलं, पन्हं दिलं, आणि विचारलं, "तुमच्या बाई कधी एका चेंडूबद्दल काही बोलल्या होत्या का?" ती म्हणाली, कधी म्हणजे? दरवर्षी नव्या मुलींना ती गोष्ट सांगायच्या. आणि तिनं ती मला सांगितली. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. चेंडूकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघत होते, एवढंच तर सांगायचं होतं. पण ती पोर, पन्नाशीची पोर, माझ्याकडे अशा काही नजरेनं बघत होती की मी उघडलेलं तोंड मिटलं. आता ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? आणि तुम्ही तर ऐकायच्या आधीच पसंत पडेल ते मानून चालत्या झालात. ह्यालाच मी पाय लावणं म्हणते, वन्सं.

कुमुदचे शब्द जसेच्या तसे लिहिते, म्हणजे तुम्हाला मुंगळ्यांवर ढकलता येणार नाहीत:

"बाई सांगायच्या, 'मी चेंडूला पाय लावला ते वहिनींनी पाहिलं होतं. तरी त्यांनी वीतभरावरचा चेंडू स्वतःच्याच रांगोळीवर घातला, मला शाळेत जाता यावं म्हणून. आणि ते मला कळू नये म्हणून जन्मभर माझ्याशी भांडत राहिल्या.'"